२० फूट ४ इंचांचं गॅरेज, २१ फूट ११ इंचांची बोट : एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली, मिनियापोलिसच्या पश्चिमेला असलेल्या एका उपनगरातली आहे. मराठी जोडपं, दोघंही चाळिशीतले. नावं देत नाही. तो आणि ती एवढं पुरे. मापं आणि खर्चाचे आकडे त्यांच्या वहीतले आहेत. निम्म्या कामाला मी स्वतः टेप धरून उभा होतो, त्यामुळे मधूनमधून माझी मतंही येतील.

तो डोंबिवलीचा. लहानपणी त्याचा पाण्याशी संबंध नळाच्या वेळेपुरता. ती रेवदंड्याची. तिच्याकडे पावसाळा तोंडावर आला की होड्या ओंडक्यांवरून वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांच्याकडे बघायचंही नाही, अशी रीत. मिनेसोटात हाच प्रकार थंडीसाठी करतात. १० एकर किंवा त्याहून मोठे असे ११,८४२ तलाव या राज्यात मोजलेले आहेत आणि हिवाळ्यात ते गोठतात. मग सगळ्या बोटी जमिनीवर येतात आणि एप्रिलमध्ये बर्फ फुटेपर्यंत जमिनीवरच राहतात.

त्याला मासेमारीचा नाद लागला तो ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. वॉलाय हा इथला लाडका मासा. तिने आमसूल घालून त्याचं कालवण केलं, ते जमलं आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. ऑगस्टअखेर हंगाम संपताना एका विक्रेत्याकडे नवी बोट उतरत्या किमतीत मिळाली. अॅल्युमिनियमची, १७ फूट ३ इंच लांब, मागे ९० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, पुढे टोकावर मासेमारीची छोटी विजेची मोटर, खाली एका आसाचा ट्रेलर. विक्रेता म्हणाला, "१७ फुटी बोट आहे, दोन गाड्यांच्या कुठल्याही गॅरेजात बसते." तो घरी आला आणि त्याने गॅरेजची खोली मोजली. २० फुटांच्या वर निघाली. तीन फूट शिल्लक म्हणून खूश झाला आणि सही करून आला.

अडचण

बोट घरी आली त्या संध्याकाळी ट्रेलर मागे घेता घेता इंजिन मागच्या भिंतीला टेकायला आलं, तरी दांड्याचा दीड-दोन फूट भाग दाराबाहेरच होता. (ट्रेलरच्या पुढच्या भागाला, जो गाडीला जोडतात त्याला, इथे टंग म्हणतात. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला दांडा म्हटलेलं लगेच कळेल.)

१७ फूट हा आकडा खोटा नव्हता. तो फक्त बोटीच्या कवचाचा होता. त्याच्यामागे इंजिन असतं, पुढे ट्रेलरचा दांडा असतो आणि छापील पत्रकात या दोघांची लांबी बहुधा वेगळ्याच ओळीत, बारीक अक्षरात दिलेली असते.

बाहेर ठेवायची म्हटलं तर वसाहतीच्या संघटनेचा नियम : घरासमोर बोट ४८ तासांपेक्षा जास्त उभी करायची नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जे जमत नाही, ते इथली संघटना दंडाची चिठ्ठी लावून करते. ऑक्टोबरअखेरपर्यंत सोय लावणं भाग होतं.

तिची एक अट होती आणि ती पहिल्याच दिवशी सांगितलेली होती. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, पहाटे साडेपाचला निघते. उणे वीस अंशांत काचेवरचा बर्फ खरवडत ती उभी राहणार नाही. तिची गाडी आतच राहील. त्याची गाडी बाहेर राहिली तरी तिची हरकत नव्हती. बोट कोणाची होती, हे त्यात आलंच.

मापं

त्याचं पहिलं मोजमाप दोन ठिकाणी चुकलं होतं. गॅरेज त्याने दार उघडं ठेवून, उंबऱ्यापासून मोजलं होतं आणि बोट मोजलीच नव्हती.

दुसऱ्या फेरीत तिने सूत्रं हातात घेतली. दार बंद करून, दाराच्या आतल्या पत्र्यापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजलं : २४४ इंच, म्हणजे २० फूट ४ इंच. बोटीसाठी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. इंजिनाच्या सगळ्यात मागच्या बिंदूवरून आणि दांड्याच्या टोकावरून तो सोडला, जमिनीवर खुणा केल्या आणि त्या दोन खुणांमधलं अंतर घेतलं. हवेत टेप धरून अशी लांबी मोजली तर टेप झोळ खातो आणि दोन-तीन इंच सहज चुकतात. आकडा आला २६३ इंच. १९ इंच जास्त.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काहीच सुचलं नसतं. उपयोगी पडलं ते लांबीचे तुकडे पाडून मोजणं. इंजिन वर उचललेलं असताना (रस्त्यावर ते तसंच ठेवतात) एकूण २६३ इंच. इंजिन पूर्ण खाली, उभं सोडलं तर २५२. म्हणजे एक बटण दाबून ११ इंच वाचले आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण बोट त्यांनी नेहमी ट्रेलरवर, इंजिन वर केलेलीच पाहिली होती. त्या २५२ मधून बोटीच्या पुढच्या टोकापलीकडे, म्हणजे नाळेपलीकडे निघणारा दांडा वजा केला की राहतात २३२ इंच. थोडक्यात, बोट आणि इंजिन मिळून गॅरेजात आरामात बसत होते. अडत होता तो लोखंडी दांडा, तोही फक्त ८ इंचांनी.

रुंदीची गोष्ट वेगळी. गॅरेज २२ फूट रुंद, दार मधोमध, १६ फुटी. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट भिंत. घरात जायचं दार मागच्या भिंतीत, जवळजवळ मध्यावर आणि त्याच्या तीन पायऱ्या गॅरेजात आलेल्या. डाव्या भिंतीपासून ११८ इंचांवर त्या सुरू होतात. ट्रेलर ९६ इंच रुंद. दारातून नाकासमोर सरळ मागे घेतला तर तो पायऱ्यांवरच जातो. डाव्या भिंतीला चिकटून उभा केला तर पायरीच्या अलीकडे पावणेदोन फूट जागा राहते. या पायऱ्यांमुळे निम्मे पर्याय बाद झाले.

पर्याय

*भाड्याची जागा.* छताखाली, पण गरम न केलेल्या गोदामात ऑक्टोबर ते एप्रिल ठेवायचे ६२० डॉलर सांगितले. सोपं, डोक्याला ताप नाही. पण दर वर्षी तेवढेच पैसे आणि अधेमधे जाऊन काही करायचं तर जागा पाऊण तासावर. हा पर्याय त्यांनी शेवटपर्यंत हातचा म्हणून ठेवला, आणि ते बरोबरच केलं. घाई नसली की माणूस कापाकापीचे निर्णय शांतपणे घेतो.

*इंजिन काढून ठेवणं.* या ताकदीचं इंजिन १६० किलोच्या आसपास भरतं. त्याला साखळी-कप्पी लागते, वायरी आणि सुकाणूची नळी सोडवावी लागते. वर्षातून दोनदा हे करणं म्हणजे घरातलं दार लागत नाही म्हणून बिऱ्हाडच हलवणं.

*मागच्या भिंतीत कोनाडा.* इंजिन शिरेल एवढी खाच भिंतीत पाडायची. काही घरांत असं करतात, जिथे मागे मोकळं अंगण असतं. इथे मागे स्वयंपाकघर. शिवाय गॅरेज आणि घर यांच्यातली भिंत आग थोपवण्यासाठी बंद असावी लागते. हा पर्याय चहा संपायच्या आत मोडीत निघाला.

*तिरकी लावणं.* हा सल्ला प्रत्येकाने दिला, मीसुद्धा दिला. म्हणून यावर जरा थांबतो.

तिरकं केलं की लांबी लगेच कमी होते, असं डोळ्यांना वाटतं. हिशेब तसं म्हणत नाही. २५२ इंचांची वस्तू ५ अंश वळवली तर जेमतेम १ इंच वाचतो आणि मागच्या इंजिनाची रुंदी तेवढाच परत खाते, हातात शून्य. १० अंशांना सव्वादोन इंच. लागणारे ८ इंच मिळतात ते १७ अंशांना आणि तेव्हाही दार बंद व्हायला अर्ध्या इंचाचीसुद्धा मोकळीक नाही. जरा श्वास घ्यायला जागा हवी तर २० अंश. पण २० अंशांत ट्रेलर गॅरेजची सव्वादहा फूट रुंदी अडवतो, सरळ उभा असताना आठच फूट.

आम्ही हे कागदावर न ठेवता फरशीवर आखलं. खडू सापडेना, घरात दिवाळीसाठी आणलेली रांगोळी होती, तीच ओतली. मागची बाजू मध्याकडे आणि दांडा डाव्या कोपऱ्यात घेतला तर बोटीचा कोपरा पायऱ्यांवर १० इंच चढत होता. उलट, मागची बाजू डाव्या कोपऱ्यात आणि दांडा मध्याकडे घेतला तर बोट बसत होती, पण दांड्याचं टोक बरोबर तिच्या गाडीच्या वाटेवर येत होतं. दोन्ही आरशांच्या बाहेर आठ-आठ इंचच उरत होते. ती रांगोळीच्या रेषेवर उभी राहून म्हणाली, "पहाटे साडेपाचला, झोपेत, रिव्हर्समध्ये? नको." माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं. कागदावर बसणं आणि रोज वापरताना बसणं यांत फरक आहे, आणि तो सांगणारा माणूस मोजमापाच्या वेळी हजर असावा लागतो.

*बोट ट्रेलरवर पुढे सरकवणं.* विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या यंत्राचा, खांब दांड्यावर पुढे घेतला की बोट पुढे जाते, एकूण लांबी कमी होते. चार इंचांपर्यंत जमलं असतं. पण दांड्यावरचं वजन वाढतं आणि बोटीची मागची पाटी ट्रेलरच्या आधारपट्ट्यांवर कुठे येते ते पुन्हा पाहावं लागतं. चार इंचांत भागत नव्हतंच.

*दांडा दुमडता करणं.* दांडा विंचच्या खांबापुढे कापायचा, मध्ये जाडजूड बिजागरी बसवायची. रस्त्यावर दोन खिळी घालून दांडा सरळ आणि पक्का, घरी एक खीळ काढून तो दारासारखा बाजूला वळवायचा. असे बिजागरीचे संच तयार मिळतात. दांड्याच्या चौकोनी नळीचं माप आणि ट्रेलरचं भरलेलं वजन पाहून निवडावे लागतात.

निर्णय

दुमडता दांडा नक्की करायला त्याला तीन आठवडे लागले. कारण साधं होतं : नव्या कोऱ्या ट्रेलरचा दांडा करवतीने कापायचा. एकदा कापला की परत नाही. त्याने त्या काळात दोनदा भाड्याच्या जागेला फोन केला.

दोन गोष्टींनी पारडं फिरलं. एक, तुकड्यांच्या हिशेबात दांडा वगळला की १२ इंच मोकळे उरत होते. म्हणजे काठावरचा उपाय नव्हता. दोन, ट्रेलरला ब्रेक नव्हते, त्यामुळे कापाच्या जागेतून फक्त दिव्यांची वायर जात होती, ब्रेकची नळी नाही. ती असती तर काम वाढलं असतं.

कापण्याआधी तिने एक प्रश्न विचारला, जो आम्हा दोघा इंजिनिअरांना सुचला नव्हता : "दांडा बाजूला वळला की ट्रेलर उभा कशावर राहणार?" पुढचा आधार देणारा जॅक दांड्याच्या पुढच्या भागावर बसवलेला होता. दांडा वळवला असता तर जॅकही त्याच्याबरोबर गेला असता आणि बोट नाळेवर आपटली असती. जॅक बिजागरीच्या मागे घ्यायचा, हे मग यादीत आलं. सुरक्षेच्या साखळ्याही बिजागरीच्या मागच्या पक्क्या भागाला बांधायच्या ठरल्या. पुढे बांधल्या आणि बिजागरीने दगा दिला, तर साखळ्या फक्त तुटका दांडा धरून ठेवतील.

प्रत्यक्ष काम

काम ट्रेलर दुरुस्तीच्या दुकानात करून घेतलं. घरी कापायचा त्याचा विचार होता. तो आम्ही हाणून पाडला. काप काटकोनात नसेल तर बिजागरीचे दोन्ही भाग नीट बसत नाहीत आणि हा सांधा हायवेवर १,००० किलो ओढणार असतो. बिजागरी, मजुरी, जॅक हलवणं, वायरला थोडा झोल देणं मिळून ४३० डॉलर. दोन चाकांची हातगाडी, जिच्यावर दांडा टेकवून तो हाताने फिरवता येतो, तिचे ९०.

पहिली चाचणी एका शनिवारी. तिच्यात तीन चुका झाल्या.

पहिली रस्त्यावरच. "इंजिन खाली" हे डोक्यात इतकं बसलं होतं की त्याने ते रस्त्यावरच खाली सोडलं. घरासमोरचा चढ जिथे रस्त्याच्या गटारीला मिळतो तिथे ट्रेलर मागे घेताना चाकं अजून खाली आणि मागची बाजू आधीच चढाच्या वर असते. पंख्याखालचं पातं, ज्याला स्केग म्हणतात, ते काँक्रीटवर घासलं. रंग गेला, चकाकतं अॅल्युमिनियम दिसायला लागलं, एवढ्यावर निभावलं. आता क्रम ठरलेला आहे : चाकं चढावर पूर्ण आली की थांबायचं, तिथे इंजिन खाली करायचं, मग आत.

आत घेताना पायऱ्या चुकवायला मागची बाजू डावीकडे ठेवत तिरकं यायचं, भिंत ५ इंचांवर आली की थांबायचं, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, जॅक टेकवून गाडी सोडायची. मग ठोकळे काढून दांडा हातगाडीवर घ्यायचा आणि डावीकडे ढकलायचा. दांड्यावर साधारण ७० किलोच भार येतो आणि एका आसाचा ट्रेलर चाकांवर गरकन फिरतो, त्यामुळे दोघांत हे जमतं. सरळ झाला की पुन्हा ठोकळे, खीळ काढून दांडा दुमडायचा. दुमडायचा तो डाव्या भिंतीकडे, तिच्या गाडीकडे नव्हे. ही बाजू दुकानात आधीच सांगावी लागते.

दांडा दुमडला, बटण दाबलं, दार अर्धं खाली आलं आणि परत वर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. बोट लागतेय म्हणून आम्ही टेप घेऊन धावलो. बोट कुठेच लागत नव्हती. अमेरिकेत १९९३ पासूनच्या स्वयंचलित दारांना जमिनीपासून ६ इंचांच्या आत प्रकाशकिरणाचे डोळे लावावे लागतात. मध्ये काही आलं की दार उलटं फिरतं. सुरक्षेची साखळी त्या किरणात लोंबत होती. ती उचलून बांधली.

तिसऱ्यांदा दार जवळजवळ बंद झालं आणि या वेळी खरंच लागलं. २३२ इंचांच्या हिशेबात नाळेवरची विजेची मोटर नव्हती. दुमडून ठेवली तरी ती नाळेपुढे ७ इंच येते. दाराच्या आतल्या बाजूला आडव्या मजबुतीच्या पट्ट्या असतात, त्या आणखी ३ इंच आत. ओळंबा दांड्याच्या टोकावरून सोडला तेव्हा मोटरीच्या पुढे दांडाच होता, म्हणून ती मोजायची कोणाला आठवण झाली नाही. पुढचा अडथळा काढला की त्याच्यामागचा पुढचा होतो. मोटरीखाली झटकन सुटणारी बैठक होती, म्हणून दोन मिनिटांत ती काढून कोपऱ्यात ठेवली. नसती, तर आणखी एक खर्च.

निष्पत्ती

ऑक्टोबर संपायच्या आत बोट आत गेली. मागे ५ इंच, पुढे दारापर्यंत ७. तिची गाडीही आत. पायऱ्या मोकळ्या. बर्फ उडवायचं यंत्र मात्र बेघर झालं, ते अंगणातल्या टपरीत गेलं.

थंडीच्या तयारीत इंजिन खाली ठेवल्याचा आणखी एक फायदा झाला. आउटबोर्ड उभं असलं की आतलं पाणी आपोआप निथळून जातं; तिरपं राहिलं तर पाणी साचतं, गोठतं आणि धातू तडकवतं. खालच्या गिअरचं तेल बदललं, कारण त्यात पाणी शिरलं असेल तर तिथेही तोच धोका. पेट्रोलमध्ये ते टिकवणारं औषध घातलं, बॅटरी काढून घरात आणली. बोटीच्या तळाचं बूच आधीच काढलेलं होतं; एका तलावातले आगंतुक शिंपले दुसऱ्या तलावात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात तलावावरून निघतानाच पाणी काढून बूच उघडं ठेवणं बंधनकारक आहे.

पहिला हिवाळा निर्विघ्न गेला. उन्हाळा तितका नाही. दर शनिवारी बोट काढायची आणि लावायची, प्रत्येक वेळी २५ मिनिटं, दोन माणसं. जुलैत ती एका संध्याकाळी म्हणाली की हातगाडी ढकलायला तिने लग्न केलेलं नाही. दुसऱ्या वर्षापासून मे ते सप्टेंबर बोट तलावाकाठी राहणाऱ्या एका मित्राच्या धक्क्याला असते, बदल्यात मित्र ती वापरतो. गॅरेज फक्त थंडीपुरतं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक सही करण्याआधीची. दुमडता दांडा कारखान्यातूनच लावून घ्यायचा पर्याय विक्रेत्याच्या यादीत होता, दीडशे डॉलरच्या आसपास. त्याने ती ओळ वाचली होती आणि "हे कशाला लागतंय" म्हणून सोडली होती. तेव्हा बोटीची लांबी न विचारता "ट्रेलरवर, इंजिनासकट, टोकापासून टोकापर्यंत किती" एवढं विचारलं असतं तर ४३० डॉलरच्या जागी दीडशेत भागलं असतं आणि तीन आठवड्यांची घालमेल वाचली असती.

मी माझ्यापुरतं सांगतो. मी तिरकं लावायचा सल्ला ठामपणे दिला होता, हिशेब न करता. तसंच, दांडा दुमडल्यावर नव्याने पुढे काय येईल हे पाहायला बोटीच्या दोन्ही टोकांवरून पाच-सहा ओळंबे सोडायला हवे होते, एकेक नव्हे.

भाड्याची जागा पहिल्या वर्षी घ्यावी, असं मला आजही वाटतं. एक हिवाळा बोट बाहेर राहिली असती, तर उन्हाळ्यात ती कितीदा काढली जाते हे कळलं असतं आणि मग कापायचं ठरवता आलं असतं. त्याला हे पटत नाही. तो म्हणतो, ६२० डॉलर देऊन कळणार होतं ते ४३० मध्ये कळलं.

आता छतातून एक टेनिसचा चेंडू दोरीला टांगलेला आहे. बोटीच्या काचेला तो टेकला की थांबायचं, मागे ५ इंच उरलेले असतात. शेजारी दुसरा टांगलाय, तो तिच्या गाडीसाठी. तिची गाडी पुढच्या वर्षी बदलायची आहे. परवा ती दुकानात गेली तेव्हा पर्समध्ये टेप होता आणि गाडीची रुंदी तिने आरशांसकट मोजली.